पास की तिकीट?

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की मला भारतातून एक प्रश्न हमखास येतो. कधी मावसभावाकडून, कधी बायकोच्या मैत्रिणीकडून, तर कधी ज्यांना मी आयुष्यात भेटलेलो नाही अशा कोणाच्या तरी साडूंकडून. "आम्ही मे महिन्यात युरोपला येतोय. युरेलचा पास काढावा की सुटी तिकिटं?" हा इतकी वर्षं जर्मनीत राहतोय म्हणजे याला ठाऊक असणारच, असा सगळ्यांचा समज. मीही इमानेइतबारे त्यांचं वेळापत्रक मागवतो, बेरजा करतो आणि उत्तर पाठवून देतो.

यंदा मात्र प्रश्न घरातूनच आला, कारण सप्टेंबरात आई-बाबा येणार आहेत. आणि बाबांना नुसतं उत्तर देऊन चालत नाही. बाबांनी जवळजवळ पस्तीस वर्षं कल्याणच्या बुकिंग ऑफिसात काढली. मी त्यांना फोनवर भाड्यांचे आकडे वाचून दाखवले, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "अरे, गाडी तीच, डबा तोच, सीट तीच. मग भाडं तीन प्रकारचं कसं?"

प्रश्न अगदी साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी पार १८४२ पर्यंत मागे गेलो, आणि परत आलो तेव्हा "पास की तिकीट" हा प्रश्नच मला वेगळा दिसू लागला होता. तेच आज लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या :-)

आधी तिकीट. आपल्या लहानपणी खिडकीतून मिळायचं ते पुठ्ठ्याचं छोटं, सव्वादोन इंची तिकीट आठवतंय? ते मूळचं इंग्लंडचं. थॉमस एडमंडसन नावाच्या एका स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकात ते काढलं. त्याआधी घोड्यांच्या टपालगाडीसारखं कारकून हाताने पावती लिहून द्यायचा. एडमंडसनने आधीच छापलेली, क्रमांक घातलेली तिकिटं आणली आणि त्यावर तारीख ठोकायचं यंत्रही. खिडकीवरचा कारकून किती तिकिटं विकली ते क्रमांकावरून सांगू शकायचा, आणि मालकालाही ते तपासता यायचं.

पण खरी अडचण पुढे होती. तेव्हा इंग्लंडात रेल्वे म्हणजे ढीगभर खाजगी कंपन्या. एकीच्या स्टेशनवर चढून, दुसरीच्या रुळांवरून, तिसरीच्या स्टेशनवर उतरायचं असेल तर पैसे कोणाचे? यासाठी १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊस सुरू झालं. प्रवास संपल्यावर गोळा केलेली तिकिटं तिथे जायची, आणि कारकुनांची फौज प्रत्येक कंपनीच्या हद्दीत किती मैल प्रवास झाला ते पाहून पैशांची वाटणी करायची. प्रवाशाला यातलं काही कळायची गरज नव्हती. त्याच्या हातात एकच तिकीट असे.

पुढे हीच कल्पना देशांच्या सीमा ओलांडून गेली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२ मध्ये, पॅरिसला रेल्वेंची आंतरराष्ट्रीय संघटना (तिला फ्रेंच आद्याक्षरांवरून यूआयसी म्हणतात) स्थापन झाली. डब्यांच्या मापापासून हिशोबाच्या पद्धतीपर्यंत सगळं एकमेकांशी जुळवून घेणं हे तिचं काम.

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अंतर. किती किलोमीटर, कुठला वर्ग, झालं भाडं तयार. लांब जाल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जायचा. बाबांना हे सांगितल्यावर ते खुलले. "म्हणजे आपलं टेलिस्कोपिक!" बरोबर. आणि त्या काळच्या आंतरराष्ट्रीय तिकिटाची आणखी एक खासियत होती. ते दोन महिने चालायचं आणि वाटेत हवं तिथे उतरता यायचं. आपल्याकडे पाचशे किलोमीटरच्या पुढच्या तिकिटावर ब्रेक जर्नी मिळते, तिचीच ही सढळ हाताची बहीण म्हणा. हे तिकीट एका गाडीचं नव्हतं, एका रस्त्याचं होतं. आज गेलात काय, परवा गेलात काय, रेल्वेला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हे लक्षात ठेवा, कारण पास जन्माला आला तो या जगात.

१९५७ मध्ये रोमच्या करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी 'ट्रान्स युरोप एक्सप्रेस' या नावाने फक्त पहिल्या वर्गाच्या आलिशान गाड्या देशोदेशींमधून धावू लागल्या. १९५८ च्या ऑक्टोबरात पॅन ॲमने न्यूयॉर्क-पॅरिस जेट विमान सुरू केलं. जे अमेरिकन पूर्वी आठवडा घालवून बोटीने यायचे ते आता एका रात्रीत येऊन उभे राहू लागले. त्यांच्याकडे डॉलर होते, पण वेळ मोजका. आणि गाडी भाड्याने घेऊन फिरायची त्यांना घरूनच सवय. त्यांना रेल्वेकडे वळवायचं तर खिडकीखिडकीवर रांग लावा, भाषा समजून घ्या, मार्क-फ्रँक-लिरा मोजा, असं सांगून भागणार नव्हतं. म्हणून १९५९ मध्ये पश्चिम युरोपातल्या १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून युरेलपास काढला. एकदा पैसे भरा, मग मुदत संपेपर्यंत वाटेल तेवढं फिरा. सुरुवातीला तो पहिल्या वर्गाचाच होता. आणि तो युरोपात राहणाऱ्यांना मिळत नसे; आजही मिळत नाही.

यात रेल्वेंचं नुकसान नव्हतं का? फारसं नाही. गाडी तशीही धावणारच होती आणि डब्यात जागा तशीही रिकामीच होती. एक अमेरिकन जास्त बसला म्हणून कोळसा काही जास्त लागत नाही. आणि तो बसला नसता तर मिळणार होतं काय? शून्य.

युरोपातल्या तरुणांना असा पास मिळायला १९७२ उजाडावं लागलं. यूआयसीला ५० वर्षं झाली म्हणून त्या वर्षापुरती एक योजना निघाली, तिचं नाव इंटररेल. वय २१ पर्यंत, २१ देश, एक महिना, दुसरा वर्ग. ब्रिटनमध्ये किंमत साडेसत्तावीस पौंड. एका वर्षासाठी काढलेली ही योजना इतकी चालली की ती बंद करायची कोणाची छाती झाली नाही. वयाची अट २३, मग २६ झाली आणि पुढे तर पूर्णच गेली. माझ्या ऑफिसातले पन्नाशी-साठीचे जर्मन सहकारी अजूनही इंटररेलचं नाव काढलं की वीस वर्षांचे होतात. पाठीवर पिशवी, खिशात पाव, रात्री हॉटेलचे पैसे वाचवायला गाडीतच झोप. सकाळी डोळे उघडतील ते गाव आपलं.

(थोडं विषयांतर. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहून आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने युरोपच्या रेल्वेची स्वप्नं पाहिली. पण राज आणि सिमरन दोघंही लंडनचे रहिवासी. म्हणजे नियमाने त्यांच्या खिशात इंटररेल असायला हवा, युरेल नाही. पासपोर्ट कुठला ते इथे विचारत नाहीत, राहता कुठे ते विचारतात. त्याच न्यायाने सप्टेंबरात आई-बाबांकडे युरेल असेल आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर मी इंटररेल घेऊन बसेन. गंमत म्हणजे बाबांना जर्मनीत पासाच्या सगळ्या दिवशी फिरता येईल. मला मात्र मी राहतो त्या देशात फक्त बाहेर पडायला एक दिवस आणि परत यायला एक दिवस. असो.)

तर त्या काळात "पास की तिकीट" हा हिशोब खरंच वहीतला होता. तिकीटही मोकळं, पासही मोकळा. फरक फक्त किती फिरणार एवढाच. जास्त फिरणार असाल तर पास, कमी असाल तर तिकीट. संपलं.

मग हे बदललं कधी? त्यासाठी जरा आकाशात जावं लागेल.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. स्वस्तातल्या नव्या कंपन्या आल्या, जुन्या घाबरल्या. अमेरिकन एअरलाइन्सकडे 'सेबर' नावाची संगणकावरची आरक्षणपद्धत होती. कुठल्या विमानात कुठली जागा कधी विकली जाते याची सगळी नोंद त्यात. तिच्या जोरावर त्यांनी १९८५ मध्ये एक शक्कल लढवली. ज्याला लवकर ठरवता येतं आणि जो मग बदलणार नाही, त्याला तिकीट अगदी स्वस्त. ज्याला आयत्या वेळी जावंच लागतं, त्याला महाग. जागा तीच, पण विकायची वस्तू बदलली. आता अंतराची किंमत राहिली नाही. किंमत लागली ती तुमच्या शब्दाची. तुम्ही किती आधी आणि किती पक्का शब्द देता, त्यावर भाडं.

रेल्वेला हे जमणं कठीण होतं, कारण जिथे कोणीही कुठल्याही गाडीत चढू शकतो तिथे सीट मोजणार कशी? पण १९८१ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस-लियाँ मार्गावर टीजीव्ही सुरू झाली होती आणि तिला आरक्षण सक्तीचं होतं. म्हणजे विमानासारखीच मोजलेली जागा. १९९३ मध्ये फ्रेंच रेल्वेने 'सोक्रात' नावाची नवी आरक्षणपद्धत आणली आणि ती थेट सेबरवरच बेतलेली होती. सुरुवातीला खिडक्यांवर बराच गोंधळ झाला, प्रवासी चिडले, पण पद्धत राहिली. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, युरोपीय समुदायाने रूळ सांभाळणाऱ्यांचा आणि गाड्या चालवणाऱ्यांचा हिशोब वेगळा ठेवायचा नियम केला. पुढे स्पर्धा आली ती याच वाटेने.

जर्मनीत मात्र हा बदल पचायला जड गेला. १९९२ मध्ये इथे बानकार्ड निघालं होतं. वर्षाचे पैसे भरून ते घेतलं की कुठल्याही गाडीला निम्मं भाडं. २००२ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेने ते निम्म्या सवलतीचं कार्ड बंद केलं आणि विमानासारखी दरपद्धत आणली. एक दिवस आधी ठरवलंत तर १० टक्के सूट, तीन दिवस आधी २५, सात दिवस आधी ४०. कागदावर छान दिसणारी ही गोष्ट लोकांना मुळीच पटली नाही. त्यांचं म्हणणं असं, की रेल्वे म्हणजे काय विमान आहे? स्टेशनवर जायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं, यासाठीच तर रेल्वे! वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, प्रवासी घटले, २००३ च्या मे महिन्यात दोन संचालकांना जावं लागलं आणि १ ऑगस्ट २००३ पासून निम्म्या सवलतीचं बानकार्ड परत आलं. पण लवकर ठरवणाऱ्याला स्वस्त तिकीट, हे तत्त्व काही गेलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदू लागली.

आपल्याकडेही हे लोण पोचलंच. २०१६ च्या सप्टेंबरात राजधानी, शताब्दी, दुरांतोला फ्लेक्सी भाडं लागू झालं. बाबा तोवर निवृत्त झाले होते. ते म्हणतात, "सुटलो."

आता लक्षात येतं की बदललं ते तिकीट, पास नाही. पास बिचारा बराचसा १९५९ सालचाच आहे. हां, तो लवचीक झाला, "महिन्याभरातले कुठलेही सात दिवस" अशा रूपात मिळू लागला. २०१९ पासून युरेलमध्ये ब्रिटनही आलं, आणि २०२० पासून तो फोनमध्ये मावू लागला. पण त्याचा स्वभाव तोच राहिला. मात्र त्याच्या शेजारचं तिकीट पार बदलून गेलं. दोन महिने चालणारं, वाटेत उतरू देणारं तिकीट जाऊन "अमुक तारखेची अमुक गाडी, चुकली तर तुमचं नशीब" असं तिकीट आलं. ते स्वस्त आहे, कधी कधी हास्यास्पद स्वस्त आहे. स्पेनमध्ये २०२१ पासून माद्रिद-बार्सिलोना मार्गावर विगो आणि पुढच्या वर्षी इर्यो अशा नव्या कंपन्या उतरल्यावर तिथली भाडी जी पडली त्यापुढे कुठलाच पास टिकणार नाही. विगोच्या गाड्यांत तर पास चालतही नाही.

आणि पासाचं मोकळेपणसुद्धा सगळीकडे सारखं राहिलं नाही. जिथे गाड्यांना आरक्षण सक्तीचं झालं, म्हणजे फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्या किंवा युरोस्टार, तिथे पास असूनही वेगळे पैसे भरून सीट घ्यावी लागते. युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांना मोजक्याच सीटा. म्हणजे पासाचे पैसे भरून पुन्हा तारीख-वेळेच्या खुंटीला बांधून घ्यायचं. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स इथे बहुतेक गाड्यांत अजूनही सरळ जाऊन बसता येतं.

स्वित्झर्लंडची तर बातच वेगळी. त्यांनी १८९१ मध्ये अर्ध्या भाड्याचं कार्ड काढलं आणि १८९८ मध्ये सगळीकडे चालणारा वार्षिक पास. सरकारी स्विस रेल्वे सुरू झाली १९०२ मध्ये! म्हणजे एकत्र रेल्वे होण्याआधी त्यांच्याकडे एकत्र पास होता. आज तिथेही लवकर घेतलेली स्वस्त तिकिटं मिळतात, पण मूळ भाडं आजही रस्त्याचं असतं, गाडीचं नसतं.

तर आता आमच्या घरचा हिशोब. फ्रँकफर्टजवळून निघून बाझल, इंटरलाकेन, तिथून झुरिकमार्गे साल्झबुर्ग, व्हिएन्ना आणि म्युनिकवरून परत. आजच तिकिटं काढली तर पासाच्या साधारण दोन-तृतीयांश पैशात सगळं बसत होतं. साठीच्या पुढच्यांना पासात थोडी सूट मिळते, ती धरूनसुद्धा. बाबांनी आकडे ऐकून लगेच निर्णय दिला. "तिकिटंच काढ. उगाच पैसे घालवू नकोस." बुकिंग क्लार्क माणूस, त्याला तिसरा हिस्सा जास्त देणं पटणार कसं?

त्या रात्री आईचा वेगळा फोन आला. आवाज हळू. "त्यांना सांगू नकोस मी बोलले म्हणून. पण बायपासनंतर त्यांचं रोजचं वेगळं असतं रे. सकाळी उठल्यावरच कळतं आज कसा दिवस आहे ते. एखाद्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन परत येतात. त्यांना 'चला, गाडी चुकेल' असं म्हणायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

आईने एका वाक्यात जे सांगितलं ते माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं. स्वस्त तिकीट स्वस्त असतं, कारण तिथे आपण एक गोष्ट विकलेली असते, ती म्हणजे त्या सकाळी मन बदलायचा हक्क. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो हक्क विकून चार पैसे वाचवणं परवडतं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाकडे तो विकायला शिल्लकच नसतो. तो तिसरा हिस्सा म्हणजे बाबा सकाळी "आज नको" म्हणू शकतील, त्याची किंमत. आणि ती मला महाग वाटली नाही.

बाबांना हे असं सांगणं शक्यच नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "बाबा, आपल्या वाटेवर पास असला की गाडी ठरलेली नाही. कुठलीही पकडा."

"ब्रेक जर्नी चालते?"

"कुठेही. कितीही."

थोडं थांबून म्हणाले, "मग ते खरं तिकीट झालं. काढ."

हा इतिहास वाचताना एक गोष्ट जाणवली. युरोपालाही हरवलेल्या त्या जुन्या तिकिटाची चुटपुट लागलेली दिसते. २०१८ पासून युरोपीय संघ अठरा वर्षांच्या काही हजार मुलांना फुकट रेल्वेपास वाटतो. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियाने देशभर चालणारं वार्षिक तिकीट काढलं. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने जर्मनीत नऊ युरोत महिनाभर साध्या गाड्यांनी कुठेही जाता येत होतं. कोट्यवधी तिकिटं खपली. त्याची जागा २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंच्या मासिक तिकिटाने घेतली. दर पुढे वाढला, पण लोकांनी ते सोडलं नाही. लोकांना स्वस्त हवं असतं हे खरंच. पण उद्याचं आज न ठरवता घराबाहेर पडता यावं, हेही हवं असतं, आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार असतात.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच लिहून ठेवतो. तारखा पक्क्या असतील, माणसं धडधाकट असतील आणि वाट फ्रान्स-स्पेन-इटलीची असेल, तर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढा आणि वाचलेल्या पैशात छान जेवा. वाट जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडची असेल आणि बरोबर लहान मूल, म्हातारं माणूस किंवा लहरी स्वभाव यातलं काहीही असेल, तर पास घ्या. बेरीज करा, जरूर करा. पण ती झाल्यावर घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला एकदा विचारा. तेही एकट्याला, बाकीचे ऐकत नसताना.